चार बोटं जास्तीची

टेलरकाकूंनी चाळीस वर्षं अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले, पण त्यांच्या हातचा झगा सहा महिन्यांत आखूड झाला अशी तक्रार कधी आली नाही. खाली चार बोटं कापड आत दुमडलेलं असायचंच. पोर वाढलं की उसवायचं, झालं! "नुसतं आजचं माप घेतो तो टेलर नव्हे, फोटोग्राफर," असं त्या ठणकावून सांगायच्या.

शिवणाचं मशीन कायमचं बंद केल्यावर काकूंची नजर घरापुढच्या रिकाम्या अंगणावर गेली. तिथे बाग करायची! पण मुलाला फरशी घालून गाडी लावायची होती. आठवडाभर हुज्जत चालली. शेवटी मुलगा म्हणाला, "चार महिने देतो, आई. अंगण भरलं तर बाग, नाहीतर फरशी."

काकूंनी खडूने वाफे आखले, टेप लावून हातहातभर अंतरावर रोपं लावली. गुलाब, झेंडू, टोमॅटो, कुंपणाशी वाल. मधून वाट सोडली, तीही चांगली ऐसपैस.

"इथून काय रणगाडा नेणार आहेस?" मुलगा हसला.

महिना उलटला तरी अंगणात मातीच जास्त दिसत होती. शेजारच्या मास्तरांनी मात्र रोपं खेटून लावली होती, त्यांची बाग केव्हाच गच्च झाली. सुनेचा जीव खालीवर व्हायला लागला. "आई, मधल्या जागेत आणखी थोडी खोचू या का? हे खरंच फरशी घालतील हो!"

"घालू दे की. अंगाला घट्ट शिवलं की उसवायला काही उरत नाही, बाई."

तिसऱ्या महिन्यात मास्तरांच्या रोपांना वारा मिळेना. पानांवर पांढरी बुरशी चढली आणि बिचाऱ्यांना निम्मी बाग उपटावी लागली. इकडे काकूंचा झेंडू झेंडूला भिडला, टोमॅटोच्या भाराने काठ्या वाकल्या, वालाने तर कुंपणच गिळलं.

ठरल्या दिवशी फरशीवाला आला. वाट सोडली तर त्याला टेप टेकवायला कुठे जागा सापडेना. मुलाने डोकं खाजवलं.

"हरलो बुवा! राहू दे तुझी बाग. फक्त ही वाट निम्मी करू, अजून एक वाफा बसेल."

"वाटेला हात लावायचा नाही!" काकू कडाडल्या.

"अगं, पण एका माणसाला निम्मी पुरते की."

"आज पुरते. दहा वर्षांनी माझा हात धरून मला इथे फिरवशील, तेव्हा तू काय झेंडू तुडवत चालणार?"

मुलगा वाटेवरून टोकापर्यंत चालून आला. मग फरशीवाल्याला म्हणाला, "एवढ्या वाटेपुरतीच घाला. आणि खडबडीत आणा, पाय घसरता कामा नये."