हिरव्या टोकाची पट्टी

याल्मारीने पट्टीचं टोक ग्राइंडरला लावलं, ठिणग्या उडाल्या, आणि त्याने पट्टी मागे घेतली.

"कशा आहेत?" मागून सुलोने विचारलं.

म्हातारा स्टुलावर बसून भिंतीकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांना आता मधलं दिसत नसे, फक्त कडेचं दिसे. त्यामुळे एखादी गोष्ट नीट बघायची असली की तो तिच्या शेजारी बघायचा. गावातल्या काही जणांना ही सवय डोळे शाबूत असतानाही होती.

याल्मारीने पट्टी पुन्हा टेकवली. पोलादाची जात ठिणग्यांवरून कळते; या बारीक, दाट, टोकाला फांद्या फुटणाऱ्या होत्या. वाईट नव्हत्या. पण ओळखीच्या होत्या. रोज सकाळी कुंपणापलीकडून हात करणाऱ्या शेजाऱ्याइतक्या ओळखीच्या.

"बोल की. ठिणग्यांबद्दल विचारतोय, तुझ्या सासूबद्दल नाही."

"चांगल्या आहेत, मास्तर."

"नुसत्या चांगल्या?"

"फार चांगल्या."

सुलोने समाधानाने मान हलवली.

काउहावाच्या पंचक्रोशीत सुऱ्या घडवणारा प्रत्येक माणूस सुलोच्या पोलादाविषयी बोलत असे, आणि न घडवणारे त्याहून जास्त बोलत. चाळीस वर्षांपूर्वी स्वीडनमधला एक कारखाना बंद पडला तेव्हा सुलो तिथून ट्रकभर पट्ट्या घेऊन आला होता. त्यातल्या सुऱ्या आजे लोक नातवंडांना देत आणि नातवंडं त्यांना धार न लावताच वापरत. सुलो कुणाकडून पैसे घेत नसे. कॉफीचं एक पाकीट आणायचं, दोन तास बसायचं, दोन पट्ट्या न्यायच्या. 'शेवटच्याच उरल्यात,' असं तो प्रत्येकाला सांगे.

याल्मारी इतकी वर्षं आला नव्हता. तरुणपणी दोन हिवाळे तो याच भट्टीवर शिकला होता, आणि शिकलेल्या माणसाने मागायला जायचं नसतं असं त्याचं मत होतं. पण गेल्या वर्षी शिकारी मंडळाला दिलेल्या सुऱ्यांपैकी सात परत आल्या. मूस म्हणजे इकडचं थोराड हरीण; त्याच्या हाडाला लागताच धारेचे टवके उडाले होते. यंदा शिकारीच्या हंगामाआधी तीस सुऱ्या द्यायच्या होत्या. मंडळाचा प्रमुख तैस्तो सभ्य माणूस होता. यंदाही टवके उडाले तर पुढच्या वर्षापासून कारखान्याच्या सुऱ्या घेऊ, असं त्याने अतिशय सभ्यपणे सांगितलं होतं.

दोन वर्षांत याल्मारीने चार पोलादं बदलली होती. जर्मन झालं, जुन्या कानशी झाल्या, ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे झाले, शेवटी सैनायोकीच्या दुकानातलंही झालं. झोप उडाली होती. रोज सकाळी उठून तो मांडणीतल्या पट्ट्यांची जागा बदलायचा. टवके मात्र चारही पोलादांचे उडाले होते, कुठलाही पक्षपात न करता.

त्याने हातातली पट्टी फिरवून पाहिली. दुकानदार पट्टीच्या एका टोकाला पोलादाच्या जातीप्रमाणे रंग लावतो, आणि लोहार नेहमी दुसऱ्या टोकाकडून कापत येतो, म्हणजे शेवटच्या इंचापर्यंत जात कळते. या पट्टीची दोन्ही टोकं करवतीने उडवलेली होती. ज्याने कापली त्याला धंद्यातलं काहीच कळत नसावं, किंवा फार कळत असावं.

"तुझी सुरी दाखव," सुलो म्हणाला.

याल्मारीने परत आलेल्यांपैकी एक खिशातून काढून दिली. सुलोने अंगठ्याने धार चाचपली, टवक्यांपाशी थांबला.

"मोडू?"

"मोडा."

म्हाताऱ्याने चाचपडत पातं व्हाइसमध्ये पकडलं आणि हातोडीचा एकच ठोका घातला. पातं काचेसारखं तुटलं. तुटलेल्या तोंडावरून त्याने अंगठा फिरवला, आणि मग तो तुकडा याल्मारीच्या हातावर ठेवला.

"काय लागतंय हाताला?"

"खरखरीत."

"जाडी साखर. मैद्यासारखं लागायला हवं. जाळलंयस तू हे, पाणी द्यायला तापवताना. मी तुला हे शिकवलं नव्हतं."

"मी रंग बघूनच भट्टीतून काढतो."

"परत आल्या त्या कुठल्या महिन्यातल्या?"

याल्मारीने आठवून पाहिलं. "जून. काही जुलैमधल्या."

"आणि हिवाळ्यातल्या?"

हिवाळ्यातली एकही परत आली नव्हती. आपल्याला हे कधी मोजावंसं वाटलं नाही, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"भट्टीत काही नवीन केलंस?"

याल्मारी गाडीच्या किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला. मग म्हणाला, "नवी खिडकी काढली. दक्षिणेच्या भिंतीत. रस्त्यावरून जाणाऱ्यांना काम दिसावं म्हणून."

सुलोने मान दाराकडे वळवली. त्याच्या भट्टीला खिडकी नव्हती. दाराला पोतं होतं. तापलेल्या पोलादाचा रंग अंधारात बघायचा असतो. लख्ख उजेडात ते आहे त्याहून काळं दिसतं, आणि माणूस आणखी तापवत बसतो. उत्तरेतला उन्हाळा, दिवस मावळायचं नाव नाही, आणि दक्षिणेला खिडकी.

"लोकांना काम दिसलं ना पण?" शेवटी सुलोने विचारलं.

"दिसलं."

"मग झालं तर. दोन पट्ट्या घेऊन जा. शेवटच्याच आहेत."

त्या पट्ट्यांची आता काही गरज नव्हती. याल्मारीला हे कळत होतं, तरी त्याने त्या काखेत मारल्या. बाहेर गाडीपाशी सुलोची बायको हिल्का उभी होती, ॲप्रनला हात पुसत.

"मिळाल्या?"

"मिळाल्या, काकू." त्याने एक पट्टी उन्हात धरली. कापलेल्या कडेला नखाएवढा हिरवा रंग राहिला होता. सैनायोकीच्या दुकानातला हिरवा. त्याच्या स्वतःच्या मांडणीत तसल्या अकरा पट्ट्या होत्या.

हिल्काने अंगठा तोंडात ओला केला आणि रंगावर घासला. तो गेला नाही.

"त्या दिवशी कापताना चष्मा विसरले होते," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"स्वीडनचं संपलं त्याला सहा वर्षं झाली."

"आणि या?"

"पेन्शनीतून. लोकांच्या बायका लॉटरी लावतात, मी पोलाद आणते." ती भट्टीच्या दाराकडे बघून हळू बोलू लागली. "पहिल्या वर्षी म्हटलं, संपलं तर संपलं. चार महिने आमच्या अंगणात एक गाडी आली नाही. टपालवालासुद्धा पेटीत टाकून जायचा. सुलोला भेटायला कोण येतंय, याल्मारी? पोलादाला येतात. आले की मग दोन तास बसतात."

"मास्तरांना माहीत आहे?"

"मी विचारलेलं नाही. तोही विचारत नाही. एकोणसाठ वर्षं असंच चाललंय, बरं चाललंय."

याल्मारीने पट्ट्या मागच्या सीटवर तिरक्या घातल्या आणि गाडी सुरू केली. घरी पोहोचेपर्यंत त्याने दोनदा रस्त्याच्या कडेला थांबून इंजीन बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी त्याने खिडकीवर ताडपत्री ठोकली. तीस सुऱ्या त्याने आपल्याच मांडणीतल्या अकरा पट्ट्यांमधून घडवल्या. सुलोकडच्या दोन कोपऱ्यात उभ्या राहिल्या.

ऑगस्टच्या शेवटी तैस्तो मूसच्या मांडीचं हाड घेऊन आला. सभ्य माणूस होता, पण हाड स्वतःचं आणलं होतं. त्याने तीन सुऱ्या उचलून हाडावर सपासप चालवल्या, धार उन्हाकडे धरून पाहिली, मग चौथी घेतली.

"हं," तो म्हणाला. इकडे ओस्ट्रोबोथ्नियात याला भाषण समजतात. "हे पोलाद कुठलं?"

याल्मारी ताडपत्रीच्या अंधारात उभा होता. खिडकीचं खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी दोन वर्षं उजेडात पोलाद जाळलं. एवढंच.

"खिडकीला काय झालं?" तैस्तोने मध्येच विचारलं.

"ऊन फार येतं."

"आणि पोलाद?"

याल्मारीने हातातलं फडकं दोनदा घडी घालून पुन्हा उलगडलं.

"सुलोमास्तरांचं," तो म्हणाला. "अजून आहे त्यांच्याकडे. कॉफी घेऊन जायचं."

तैस्तोने भुवया वर केल्या. त्याचा मेहुणाही सुऱ्या घडवत असे, आणि त्याच्या सुऱ्यांचेही टवके उडत.

नऊ दिवसांनी हिल्काचा फोन आला.

"किती जणांना सांगितलंस?"

"एकालाच, काकू."

"या आठवड्यात पाच आले. काल तर दोघं एका वेळी आले, खुर्च्या कमी पडल्या. सुलोचा घसा बसलाय बोलून बोलून." मागे कुणाचं तरी हसणं ऐकू येत होतं, आणि त्यावर सुलोचा घोगरा आवाज. "सोमवारी मला सैनायोकीला गाडीने घेऊन जा. इतक्या पट्ट्या बसमध्ये घेऊ देत नाहीत."

"येतो."

"आणि करवत आण. माझी बोथट झालीय."