तलावावरचा पूल आणि दवाखान्याची बस

आमच्या दोल्गोल गावाची बस बंद झाली तेव्हा अंगणाअंगणात मिरच्या वाळत पडल्या होत्या. तालुक्याच्या गावाला, म्हणजे दवाखान्याला जाणारी ती एकच बस. ‘प्रवासी कमी, तोटा जास्त’ असा कागद थांब्यावर चिकटवला आणि कारभार आटोपला. त्यानंतर थोड्याच दिवसांत गावाबाहेरच्या तलावाकाठी क्रेन येऊन उभी राहिली. तलाव ओलांडून या डोंगरावरून त्या डोंगरावर झुलता पूल बांधायचा होता. त्या डोंगरावर काय आहे म्हणाल, तर पाइनची झाडं आणि रानडुकरं.

इथंच ग्वीरेचं डोकं फिरलं. ग्वीरे आमच्या गावात केसांचं दुकान चालवते. गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांचे केस तीच कुरळे करते. पाठीमागून बघितलं तर आम्ही सगळ्या एकीच्याच पोटच्या वाटतो. वर्षानुवर्षं हात वर धरून तिचा खांदा निकामी झाला होता. शेक घ्यायला तिलाही तीच बस लागायची, आणि माझ्या गुडघ्यांनाही.

“ताई, चल. विचारून येऊ,” ती म्हणाली.

“काय विचारायचं?”

“आपल्या बसला पैसे नाहीत आणि डुकरांना पूल, हे कसं काय?”

टॅक्सीचं भाडं निम्मं निम्मं करून आम्ही तालुक्याच्या कचेरीत गेलो. खिडकीमागे जंगुक बसला होता. हा आमच्याच गावचा पोरगा. त्याचं जावळसुद्धा ग्वीरेनंच उतरवलेलं. आम्हाला बघून तो उभा राहिला, कॉफी आणून दिली. ग्वीरेनं प्रश्न विचारला तसा परत खाली बसला.

“मावशी, पुलाचे पैसे आपल्या तालुक्याचे नाहीतच. ते वरून आलेत.”

“वरून? पाऊस आहे काय वरून पडायला?”

“वरून म्हणजे प्रांताकडून.”

“आणि प्रांताला कुणी दिले?”

“सोलनं. राजधानीतल्या सरकारनं.”

“आणि सरकारला?”

जंगुकनं मान खाजवली. “करातून येतात, मावशी.”

“म्हणजे माझ्या खिशातून निघाले, सोल फिरून आले आणि माझ्याच गावाबाहेर पूल होऊन उभे राहिले. मग जाताना बसचं भाडं इथंच ठेवून गेले असते तर काय बिघडलं असतं?”

“तसं नसतं. हा पैसा पर्यटनाचा आहे. तो बसवर खर्च केला तर मला नोटीस येईल. आणि नाही खर्चला तर वर्षअखेरीला परत जाईल. परत गेला की पुढच्या वर्षी कमी मिळेल. कमी मिळाला की...” तो थांबला. “मलाही कधीकधी नीट समजत नाही, मावशी. पण आहे हे असं आहे.”

येताना टॅक्सीत ग्वीरे खिडकीतून त्या क्रेनकडे बघत होती. मधेच म्हणाली, “पोरगा खोटं बोलत नव्हता. तरी पटलं का नाही गं मला?” माझ्या डोळ्यांसमोर नुसते पैसे वर जाताना आणि खाली येताना दिसत होते.

पण ग्वीरेनं पिच्छा सोडला नाही. दर सोमवारी दुकान बंद ठेवून ती कचेरीत जाऊन बसायची. आधी जंगुकच्या खिडकीशी, मग त्याच्या साहेबाच्या दाराशी. सोबत उकडलेली रताळी न्यायची आणि सगळ्यांना वाटायची, म्हणून तिला कुणी हाकलूनही देईना. वर्षभरात पूल तयार झाला, लाल फीत कापली गेली, तरी तिचं विचारणं चालूच.

मग एका संध्याकाळी जंगुक स्वतः दुकानात आला. माझ्या डोक्याला तेव्हा केस कुरळे करायचे रूळ गुंडाळलेले होते.

“मावशी, मार्ग निघाला. पुलावर येणाऱ्यांसाठी बस सुरू होतेय. फुकट. तालुक्याच्या बसस्थानकातून निघून आपल्या गावावरून पुलापर्यंत. दवाखाना वाटेतच आहे.”

“मग बसू आम्ही तिच्यात.”

“पण ती पर्यटकांची बस आहे. पुलाच्या फाटकातून आत जाणाऱ्याच्या मनगटाला कागदी पट्टी बांधतात. पुलाकडून परतताना पट्टी असेल त्यालाच बसमध्ये घेतात.” तो दाराकडे बघून हळूच म्हणाला, “तालुक्यातल्या गावकऱ्यांना पुलाचं तिकीट लागत नाही. तुम्ही फाटकापर्यंत चालत जा, पट्टी बांधून घ्या, आणि तिथून बस धरा. तेवढ्यापुरत्या पर्यटक व्हा, झालं.”

आणि आम्ही झालो की पर्यटक! फाटक गावापासून जवळच. दवाखान्याला जायचं त्या दिवशी आम्ही सुनांची रंगीत जाकिटं घालायचो, उन्हाच्या टोप्या चढवायचो. माझी शेजारीण म्याँगजा तर गळ्यात दुर्बीण अडकवायची, नातवाच्या खेळण्यातली. फाटकातून आत शिरायचं, पट्टी बांधून घ्यायची आणि तस्संच मागे फिरायचं. पुलावर मी एकदाही पाय ठेवला नाही. वाऱ्यानं तो इतका हलतो की नुसतं बघूनच धडकी भरते. ड्रायव्हर हसून विचारायचा, “काय आजीबाई, कसा वाटला पूल?” म्याँगजा म्हणायची, “जन्माचं सार्थक झालं रे!”

हिवाळाभर असं चाललं. ग्वीरेचा खांदा सुधारला. तिचं हसणंसुद्धा परत आलं. आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्यांनाही बातमी लागली, त्याही मुलांच्या गाड्यांतून फाटकापर्यंत यायला लागल्या.

बर्फ वितळल्यावर गावच्या सभागृहात बैठक भरली. स्वतः तालुकाप्रमुख आले होते. पुलावर किती माणसं आली त्याचं चित्र पडद्यावर लावलं. त्यातली रेघ डावीकडून उजवीकडे चढत चढत गेलेली. ते म्हणाले, “पुलाला भरघोस प्रतिसाद मिळालाय! विशेष म्हणजे ज्येष्ठ पर्यटक. थंडीतसुद्धा, तेच तेच लोक पुन्हा पुन्हा येतात. असं इतर कुठल्याही पुलाला जमलेलं नाही. म्हणून सोलकडून दुसऱ्या पुलाचे पैसे मंजूर झालेत!”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सवयीनं. मग बघते तर ग्वीरेचा चेहरा कुरळे करायच्या औषधासारखा पांढरा पडलेला.

“ताई,” ती पुटपुटली, “ही रेघ म्हणजे आपण.”

मला समजायला थोडा वेळ लागला. फाटकाचं यंत्र आत जाणाऱ्याला मोजत होतं. गुडघा शेकायला निघालीय की पूल बघायला, हे त्याला काय ठाऊक?

ग्वीरे उठून उभी राहिली. म्याँगजानं मागून तिचा स्वेटर ओढला. “बस खाली! बोललीस तर बस जाईल!”

“साहेब,” ग्वीरे म्हणाली, “ते पर्यटक आम्ही आहोत. आम्ही पूल बघत नाही. आम्ही दवाखान्यात जातो.”

भिंतीला टेकून उभा असलेला जंगुक जमिनीकडे बघत होता. तालुकाप्रमुख क्षणभर गोंधळले, आणि मग त्यांचा चेहरा खुलला.

“वा! म्हणजे पूल आरोग्यासाठीही उपयोगी आहे! ऐकलंत ना? हा मुद्दा लिहून घ्या.”

कुणीतरी खरंच लिहून घेतलं. पुन्हा टाळ्या.

ग्वीरे तशीच उभी राहिली. लिहिणाऱ्याचं पेन थांबेपर्यंत बघत राहिली. शेवटी बसली.

बस बंद झाली नाही. दुसऱ्या पुलासाठी माणसं येऊन जमीन मोजून गेली. ग्वीरेनं मात्र त्या बसमध्ये बसणं सोडलं. महिन्याकाठी टॅक्सी करते, तीही खांदा अगदीच धरला तर. मी तिला चिडून म्हटलं, “तू नाही बसलीस म्हणून पूल थांबणार आहे का?”

“नाही थांबणार.”

“मग?”

“माहीत नाही, ताई. बसले तर मी पूल बांधते असं वाटतं. नाही बसले तर तुम्हाला सोडून गेले असं वाटतं. आणि इतकं भांडून बस मीच आणली ना?” माझे केस रुळावर गुंडाळता गुंडाळता तिचा हात थांबला. “मी विचारायलाच नको होतं का गं?”

“विचारायला हवंच होतं,” मी म्हणाले. मग वाटलं, हे मी कशाच्या बळावर म्हणतेय? विचारलं नसतं तर मी दुखरे गुडघे घेऊन घरी बसले असते, आणि पूल एकच राहिला असता. हिशेब लावायला जावं तर कुठून धरावं तेच उमगत नाही.

“हळू ओढ,” मी म्हणाले. “गुरुवारी दवाखान्यात जायचंय मला. तू येतेस?”

तिनं दुसरा रूळ उचलला आणि माझ्या केसांची पुढची बट हातात घेतली.