दुसरी चावी

रंगनाथ शहराबाहेरच्या त्या संरक्षण कारखान्यात करतो तरी काय, हे नातेवाइकांना आजवर कळलं नव्हतं. कोणी विचारलंच तर तो म्हणे, "दार उघडतो." लोकांना वाटे, शिपाई असेल. वाटू दे बापडं! ते दार होतं नकाशांच्या तिजोरीखोलीचं, आणि दोन चाव्या एकदम फिरल्याशिवाय ते हलत नसे. एक चावी रंगनाथकडे, दुसरी सटाण्याकडच्या खंडेरावांकडे. एकोणीस वर्षं रोज पावणेनऊला दोघं शेजारी शेजारी उभे राहत. एकदाही उशीर नाही, की "आज तेवढं तुम्हीच बघा" नाही. अशी माणसं आता दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाहीत.

निवृत्तीला दहा महिने उरले होते. शेवटच्या दिवशी आपल्या हातानं ते दार बंद करायचं आणि मगच चावी सोडायची, एवढी एकच हौस रंगनाथनं मनात धरली होती. माणूस तसा साधा, पण या बाबतीत पक्का हट्टी.

आणि नेमकं तेव्हाच त्याच्या लेकीनं, तृप्तीनं, संध्याकाळच्या चहाला विषय काढला.

"बाबा, मला एक मुलगा आवडलाय. मनोज. गंगापूर रोडला बँकेत असतो."

"वडील काय करतात?"

"तीच तर गंमत! त्यालाही धड माहीत नाही. विचारलं की म्हणतात, कारखान्यात जातो. पुढं चकार शब्द नाही. मी म्हटलं, अगदी आमच्या बाबांसारखे! मग नाव विचारलं, तर ते तुमचेच खंडेराव निघाले. त्यांना अजून सांगितलेलं नाही."

रंगनाथची बशी हातातच राहिली. स्थळ लाखात एक होतं. पण चावीच्या दोन धन्यांमध्ये नातं असू नये, असा कारखान्याचा नियम. नात्याची बोलणी नुसती निघाली, तरी पुढची चावी लावण्याआधी कळवायचं आणि दोघांपैकी एकानं चावी सोडायची. कारण दोन चाव्या एका घरात गेल्या की त्या दोन राहत नाहीत. हा नियम ज्यानं केला त्या माणसाला रंगनाथ मनोमन मानत आला होता. आज तोच नियम त्याच्या मानगुटीवर बसला. नियमापुरतं त्यानं मायलेकींना सांगितलं.

"एवढं काय तोंड पाडून बसलात?" त्याची बायको मोहिनी म्हणाली. "अजून सुपारी फुटली नाही की काही नाही. पोरं थांबतील दहा महिने. कुणाला कळणार आहे?"

"थांबू की आम्ही," तृप्तीही म्हणाली. पोरगी बापाला जपणारी. रंगनाथनं मान हलवली. खरं सांगायचं तर त्यानंही मनात ठरवून टाकलं, थांबायचं.

सकाळी पावणेनऊला खंडेरावांनी आपली चावी कुलपात घातली. रंगनाथनं आपली काढली, कुलपापर्यंत नेली, आणि त्याचा हात थांबला. शेजारच्या माणसाला कशाचाच पत्ता नव्हता आणि याला सगळं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला कळतं की नाही, याच्याशी त्या नियमाचा संबंधच नव्हता. त्यानं चावी मुठीत घट्ट धरली.

"खंडेराव, मी चावी लावणार नाही. मॅडमना बोलवा."

"का बरं? माझ्यावर काही शंका शे का?" खंडेरावांचा चेहरा उतरला.

"मॅडमना येऊ द्या."

मागं दहा माणसं कामाविना खोळंबली. सुरक्षा अधिकारी योगिनी मॅडम आल्या. रंगनाथनं खंडेरावांकडे न बघता त्यांना सगळं सांगितलं.

"आमचा मन्या?" खंडेराव हबकले. "आनि मलाच पत्ता नाय!" मग भानावर येऊन त्यांनी मुकाट्यानं आपली चावी काढली आणि मॅडमपुढं धरली.

रंगनाथनं तो हात मागं सारला. "तुमची सहा वर्षं आहेत अजून. माझे दहाच महिने." आणि आपली चावी पुढं केली.

मॅडमनी शाबासकी दिली नाही, की उपदेशही केला नाही. वहीत लिहिलं, दार पन्नास मिनिटं उशिरा, कारण चावीधारकानं नात्याची माहिती दिली. मग राखीव यादीतल्या दत्तूला बोलावून रंगनाथची चावी त्याच्या नावावर केली.

त्याच संध्याकाळी खंडेराव पेढे घेऊन आले. "व्याही!" म्हणून त्यांनी रंगनाथला अशी मिठी मारली की हातातला पेढा चुरगळला.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला रंगनाथचे पाय सवयीनं त्याच दाराशी गेले. दत्तू आणि खंडेराव चाव्या काढून उभे होते. दार उघडताना ते दोघं सोडून बाकीच्यांनी पिवळ्या रेषेमागं, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं असतं. रंगनाथ रेषेच्या आत होता.

खंडेरावांनी वळून बघितलं. "रंगनाथराव, रेषेच्या मागं व्हा. तोंड फिरवा." आवाजात व्याह्याचा मागमूसही नव्हता.

दत्तू बिचारा गोरामोरा झाला. रंगनाथ मात्र चटकन मागं सरला आणि भिंतीकडे वळला. पाठीमागं दोन चाव्या एकदम फिरल्या. त्याचे डोळे भरून आले. वाईट वाटलं, वाटणारच. पण त्याहून मोठा होता तो अभिमान. लेकीच्या सासरची आता आणखी चौकशी करायची त्याला गरज उरली नव्हती.