सभासदांना सांगायचे ते

नेमीचंदने तांब्यातून पाणी ओतले आणि करणसिंगाने अंगणातल्या दगडावर उभे राहून हात पुन्हा पुन्हा चोळले. चुन्याचा पांढरा थर निघाला. बोटांच्या भेगांमधला निघेना. शेवटी त्याने धोतराच्या सोग्याला हात पुसले आणि ओसरीवर येऊन बसला.

"मांजी?" त्याने विचारले.

"आई देरासरात दर्शनाला गेली," नेमीचंद म्हणाला. "यायला वेळ आहे."

आतल्या दाराआड सज्जनबाई बसली होती. नवरा पन्नालाल जाऊन पंधरवडा झाला नव्हता. उंबऱ्याबाहेर तिला निघता येत नव्हते. करणसिंग बोलत होता तिच्या दिराशी, नेमीचंदशी, पण आवाज दारापर्यंत जाईल असा ठेवून.

"उद्या संध्याकाळी मंडळाची शोकसभा आहे. लोक विचारतील. मी गावात सांगितलंय की शेठजींच्या छातीत कळ आली. वहिनींनीही तेच सांगावं, एवढी विनंती आहे."

नेमीचंदने मान खाली घातली. खरे काय ते या तिघांनाच ठाऊक होते. पन्नालाल मरण पावला होता पटकीने.

गोमाई नदीच्या काठावर, म्हसावदच्या वाटेला, कापूस वेचायला डोंगरातून उतरलेल्या माणसांच्या झोपड्या होत्या. भाद्रपदाच्या अखेरीस तिथे पटकी लागली. शहाद्याच्या सेवा मंडळाने तिथे कांजी शिजवायची, चुना टाकायचा, आजाऱ्यांना औषध पाजायचे असे ठरले. वकील करणसिंग या मंडळाचा अध्यक्ष होता, पन्नालाल चिटणीस. विहिरीत टाकायचे लाल औषध संपले तेव्हा पन्नालाल स्वतः गाडी जुंपून प्रकाशा गावाजवळ तापी उतरला आणि नंदुरबारला भावाकडे, नेमीचंदकडे, गेला. औषध त्याने घेतले. परत निघायच्या सकाळी त्याला जुलाब सुरू झाले आणि दिवस मावळायच्या आत सगळे संपले. दहनही तिथेच झाले. औषधाची पेटी आणि अस्थी घेऊन नेमीचंद एकाच गाडीतून आला.

पेटी देताना त्याने करणसिंगाला खरे सांगितले, आईला छातीची कळ. भावजयीला मात्र खरे सांगितले, कारण तिने नवऱ्याचे कपडे मागितले आणि ते जाळले असे त्याला सांगावे लागले.

"खरं कळलं तर उद्यापासून वस्तीवर कोणी येणार नाही," करणसिंग म्हणाला. "आताच निम्मे घरी बसलेत. आणि आपण गेलो नाही तर ती माणसं पाण्यावाचून मरतील. मी काही स्वतःसाठी सांगत नाही."

ते खरे होते. तो रोज जात होता. कोर्टाची कामे त्याने पुढे ढकलली होती.

दाराआडून बांगड्या वाजल्या नाहीत. त्या आता हातात नव्हत्या. सज्जनबाईचा आवाज आला.

"भाईजी, विचारा त्यांना, वस्तीवर सध्या जास्त कोण असतं?"

"रेवजी," करणसिंगानेच उत्तर दिले. "गुजर गल्लीतला. दोन्ही वेळा असतो. त्याच्यासारखा माणूस नाही. तिथंच जेवतो, तिथंच आडवा होतो."

"पाणीही तिथलंच पितो?"

"हो."

"आणि तुम्ही?"

करणसिंगाने भेगाळलेला अंगठा दुसऱ्या हाताने दाबला.

"मी घरून उकळून नेतो," तो म्हणाला.

त्यानंतर दाराआडून काही आले नाही. करणसिंगाने पागोटे सारखे केले, नेमीचंदला हात जोडले आणि तो निघून गेला. होकार मिळाला असेच त्याने धरले.

गवराबाई देरासरहून आली तेव्हा उन्हे कलली होती. सूर्यास्ताच्या आत जेवायचे म्हणून सज्जनबाईने लगेच ताट वाढले. म्हातारीने भाकरीचा पहिला तुकडा मोडला, तेव्हा सून समोर बसली आणि डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "मांजी, त्यांना छातीची कळ आली नव्हती."

तिने सगळे सांगितले. मध्ये कुठे थांबली नाही.

गवराबाईच्या हातातला तुकडा तसाच होता. अंगणात नेमीचंद बैलांना पेंड घालत होता, त्याचा आवाज येत होता.

"शेवटी पाणी मागितलं का त्यानं?"

"मागितलं. भाईजींनी पाजलं."

"बरं."

तिने तुकडा ताटात ठेवला, ताट बाजूला सारले. मग विचारले, "तुला आज का सांगावंसं वाटलं?"

"रेवजी तिथलं पाणी पितो. त्याला कोणी काही सांगितलेलं नाही." सज्जनबाईचा आवाज पहिल्यांदाच हलला. "हे असते तर सांगितलं असतं. दुकान बंद केलं की रोज घरोघर जायचे. आज वस्तीवर काय झालं, कोण उठून बसलं, कोण गेलं, उद्या पाळी कोणाची. प्रत्येकाच्या ओट्यावर टेकून सांगायचे. मला राग यायचा. ताट झाकून बसायची मी."

गवराबाई ऐकत होती. मुलगा रोज संध्याकाळी कुठे जातो हे तिला ठाऊक होते. तिथे बसून काय बोलतो हे तिने कधी विचारले नव्हते. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि जोडे शोधू लागली.

"मांजी, जेवण?"

"आता उद्या," म्हातारी म्हणाली आणि बाहेर पडली.

शोकसभा दुसऱ्या दिवशी धर्मशाळेच्या पडवीत भरली. करणसिंगाला एवढी माणसे येतील असे वाटले नव्हते. पडवी भरून काही जण पायऱ्यांवर बसले होते. त्याला बरे वाटले. तो उभा राहिला आणि पन्नालालविषयी बोलला. चांगले बोलला, कारण त्याला खरोखर दुःख झाले होते. मग म्हणाला, "अशा या माणसाच्या छातीत नंदुरबारला अचानक कळ आली, आणि—"

कोणी हळहळले नाही. कोणी मान हलवली नाही. पायरीवरचा एक जण आपल्या जोड्याकडे पाहत होता.

रेवजी मागे खांबाला टेकून बसला होता. तो उठला. रुंद हाडाचा, हळू बोलणारा माणूस.

"करणसिंगभाऊ, बसा," तो म्हणाला. "कालदिन मांजी मन्हा घर उन्ही व्हती. बठास्ना घर जाई उन्ही. आमले माहीत शे."

म्हातारी सगळ्यांच्या घरी जाऊन आली होती हे ऐकून करणसिंग उभाच राहिला. उपरण्याचे टोक त्याने हातात घेतले होते, ते सोडायचे त्याच्या लक्षात आले नाही. मग तो बसला.

सर्वांत आधी मंडळातला वीरसिंग उठला. त्याने टोपी डोक्यावर ठेवली आणि कोणाकडेही न पाहता म्हणाला, "मन्हा घरमा ल्हाना पोऱ्या शे." तो पायऱ्या उतरून गेला. त्याच्यामागे आणखी काही गेले. कोणी त्यांना अडवले नाही, कोणी टोमणा मारला नाही. पडवीत मूठभर माणसे उरली.

रेवजी अजून उभाच होता.

"आते सांगा," तो म्हणाला, "तठे कसं वागानं?"

करणसिंगाने सांगितले. पाणी उकळून घरून न्यायचे, तिथे काही तोंडात घालायचे नाही, हात चुन्याच्या पाण्याने धुवायचे, कपडे बाहेरच्या बाहेर भिजवायचे. सांगताना त्याची नजर कोणाच्या नजरेला भिडली नाही. रेवजीने दोन गोष्टी पुन्हा विचारून घेतल्या.

पुढचे दिवस जड गेले. उरलेली माणसे पहाटेपासून राबत होती, पण झोपड्या लांबवर पसरल्या होत्या. काठाच्या अगदी टोकाला जान्या नावाचा मजूर पडला होता. तिथवर कोणी पोहोचले तेव्हा दुपार झाली होती. त्याची बायको रूपलीबाई झोपडीच्या तोंडाशी बसली होती. तिने पोहोचलेल्या माणसांच्या हातातली कांजी घेतली आणि काही न बोलता आतल्या पोरीला पाजली. जान्याला तिने आधीच झाकून ठेवले होते.

संध्याकाळी करणसिंग सरळ पन्नालालच्या घरी गेला. या वेळी त्याने हात धुतले ते स्वतःच, आणि ओसरीवर न बसता खांबाशी उभा राहिला. गवराबाई समोर बसली होती. दाराआड सून होती.

"मांजी, आज एक माणूस गेला," तो म्हणाला. "जान्या. सकाळी कोणी पोहोचलं असतं तर कदाचित वाचला असता. माणसं पुरली नाहीत."

आपण हे का सांगायला आलो हे त्यालाही नीट ठाऊक नव्हते. आवाजात राग होता, पण तो कुणावर हे ठरत नव्हते.

"मागं कोण आहे त्याच्या?" म्हातारीने विचारले.

"बायको. एक लहान पोरगी."

"आणि रेवजी?"

"रेवजी बरा आहे."

 गवराबाईच्या डोळ्यांत पाणी आले होते. ते तिने पुसले नाही.  मग भिंतीचा आधार घेत ती उठली.

"चला," ती म्हणाली.

"कुठं?"

"जे सभेतून उठून गेले त्यांच्याकडे. त्यांनाही कळायला हवं."

"ते येणार नाहीत, मांजी."

"न येऊ देत."

अजून उजेड होता. गुरे परतत होती आणि रस्त्यावर धूळ होती. म्हातारी हळू चालत होती, वकील तिच्या मागून. वीरसिंगच्या ओट्याशी ती थांबली, टेकली, पदराने तोंड पुसले. तिने हाक मारली. आत एक मूल रडत होते, ते गप्प झाले आणि वीरसिंग दारात आला. करणसिंगाला पाहून त्याने चौकटीवर हात ठेवला.

 गवराबाई करणसिंगाकडे पाहत राहिली.

 रस्त्यावरून एक गाडी जात होती, ती जाईपर्यंत करणसिंग थांबला.

"वस्तीच्या टोकाला एक जान्या होता," तो म्हणाला आणि ओट्यावर बसला.