एका चुलीवरची पाच माणसं

“ज्या देशात माणूस न् माणूस मोजला जातो, त्या देशात कुणीही बेवारस राहत नाही,” असं कॅप्टन टिलेट शाळेच्या मोठ्या खोलीत, दोन्ही अंगठे जाकिटाच्या खिशात अडकवून म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. एकोणीसशे एक्कावन्न सालच्या शिरगणतीची माहिती गावाला द्यायची म्हणून ही सभा होती. हॅकेनम गावाची निम्मी जमीन आणि चोवीस गाई कॅप्टनसाहेबांच्या होत्या, शिवाय ग्रामीण कौन्सिलच्या घरबांधणी समितीचं अध्यक्षपदही. त्यामुळे एवढं मोठं वाक्य त्यांच्या तोंडी शोभून दिसलं. टाळ्या वाजवणारे अकरा जण होते. त्यातले चार चहासाठी थांबले होते आणि एक झोपेतून दचकून उठला होता.

हेस्टर गॅदरकोल मागच्या टेबलाशी चहा ओतत होती. साहेब भाषण संपवून थेट तिच्याकडे आले.

“गॅदरकोलबाई, घराचं लक्षात आहे ना? शनिवारी सकाळी गोठ्यावरचा नवा माणूस येतोय. बायको आहे, दोन मुली आहेत.”

“बरं,” हेस्टर म्हणाली. “साखर किती घालू?”

“दोन चमचे. बीचेसमध्ये मी शब्द टाकलाय. खिडकीजवळची खाट देतील तुम्हाला.”

“बरं.”

साहेबांनी चहा ढवळला. माणूस वाईट नव्हता. ख्रिसमसला प्रत्येक घरी एक ससा पाठवायचा, तोही सोललेला.

इंग्लंडमधल्या नॉरफकच्या त्या भागात घर माणसाचं नसे, कामाचं असे. गाई राखणाऱ्याला घर, नांगरणाऱ्याला घर. काम सुटलं की घर सुटलं. हेस्टरचा नवरा ॲमॉस गॅदरकोल यानं एकतीस वर्षं त्या गाई राखल्या आणि पाच आठवड्यांपूर्वी गोठ्याच्या दारातच तो खाली बसला, तो उठलाच नाही. त्याचं काम त्या दिवशी सुटलं. एकतीस हिवाळे पहाटेची निम्मी धार हेस्टर काढत होती, पण ते दूध ॲमॉसच्या नावानं जमा होत असल्यामुळे तिला काम नव्हतं आणि म्हणून घरही नव्हतं. बीचेस ही तालुक्याच्या गावातली निराधारांना ठेवायची जुनी धर्मशाळा. नव्या सरकारनं तिला झाडाचं नाव दिलं होतं आणि भिंतींना पिवळा रंग. खाटा त्याच होत्या.

ॲमॉस गेल्यापासून हेस्टर सगळ्यांना ‘बरं’च म्हणत होती. डॉक्टरांना म्हणाली, पाद्रीसाहेबांना म्हणाली, शवपेटी ओकच्या लाकडाची की स्वस्तातल्या एल्मची असं विचारणाऱ्या सुताराला म्हणाली. सुतार थोडा वेळ थांबला आणि मग त्यानं एल्मची केली.

मंगळवारी शिरगणतीचे मिस्टर बन कागद घेऊन आले. हे पोस्टातून निवृत्त झालेले, चर्चमध्ये बाजाची पेटी वाजवणारे, आयुष्यात कुणाला दुखावलं नाही असे गृहस्थ. सायकल भिंतीला टेकवण्याआधी भिंतीची परवानगी घेतील असा त्यांचा चेहरा होता.

“घरातल्या सगळ्यांची नावं लिहायची, बाई. पहिलं नाव कुटुंबप्रमुखाचं.”

हेस्टरनं पेन्सिल घेऊन ‘ॲमॉस’ लिहिलं.

मिस्टर बन खाकरले. “बाई, तसं नाही चालायचं. रविवारी रात्री बारा वाजता जो हयात असेल त्याचंच नाव.”

“किती वाजता म्हणालात?”

“बारा. रविवारी.”

हेस्टरनं विचार केला. “मग त्याला नाही जमायचं,” ती म्हणाली आणि पेन्सिल परत दिली. मिस्टर बन यांना रडावं की काय करावं ते कळेना. त्यांनी खोडरबर काढला आणि स्वतःच ते नाव खोडलं, इतक्या हलक्या हातानं की ते वाचता येत राहिलं.

*

शनिवारी सकाळी नऊला ट्रेलर दाराशी आला. वर दोन लोखंडी खाटा, एक कपाट, शिवणयंत्र, आणि ह्या सगळ्यावर बसलेली पाच वर्षांची मुलगी. साहेबांच्या मुकादमानं दार उघडलं तर हेस्टर बटाटे सोलत बसलेली. एकही पेटी बांधलेली नव्हती. घड्याळ भिंतीवर, ॲमॉसचा कोट खुंटीवर.

“अहो बाई, आज शनिवार,” मुकादम म्हणाला.

“बरं,” हेस्टर म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला. तिनं हट्ट म्हणून काही केलं नव्हतं. शुक्रवारी पेटी काढायला ती वर गेली, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली, आणि मग संध्याकाळ झाली होती. एवढंच.

मुकादमाला गाईंकडे जायचं होतं. त्यानं सामान अंगणात उतरवलं आणि “तुमचं तुम्ही बघा,” म्हणून ट्रॅक्टर वळवला. अंगणात नवा गोठेवाला सिड पास्क टोपी हातात घेऊन उभा, कडेवर तान्ही मुलगी घेऊन त्याची बायको डोरीन उभी. बारीक पाऊस लागला होता.

“सिड, आता काय करायचं?” डोरीननं विचारलं.

“मला काय विचारतेस? म्हातारीला उचलून बाहेर ठेवू का?”

“आत या,” आतून हेस्टर म्हणाली. “खाटा गंजतील.”

अशा रीतीनं दोन कुटुंबं एका घरात राहायला लागली. खाटा वरच्या मागच्या खोलीत गेल्या. संध्याकाळी डोरीननं आपलं भांडं चुलीवर ठेवायला घेतलं, तर हेस्टरचं भांडं तिथं होतंच. पाच माणसांचे बटाटे त्यात होते.

“तुम्हाला कसं कळलं आम्ही किती जण ते?”

“साहेब म्हणाले होते. बायको, दोन मुली.” हेस्टरनं मीठ टाकलं. “मोठीला कोबी चालतो का?”

“चालवून घेते. आम्ही चार महिन्यांत दुसऱ्यांदा घर बदलतोय, बाई. आता तिला काहीही चालतं.”

“का गं, पोरी?”

“ह्यांनी आधीच्या मालकाकडे दाराशी नळ मागितला. विहिरीत मेंढी मेली होती. मालक म्हणाले, तुला नळ हवा तर नळ असलेलं घर बघ.”

“मला काय माहीत, ते एवढं मनाला लावून घेतील,” सिड म्हणाला. “मी नळ मागितला, त्यांची बायको नाही मागितली.”

“ह्यांची जीभ अशी,” डोरीन म्हणाली, “आणि घर जातं माझं.”

हेस्टरला हसू आलं असतं. ते येऊन तोंडाच्या कोपऱ्यापाशी थांबलं, असं तिला वाटलं. तिनं बटाटे वाढले.

रविवारी जेवणं झाल्यावर डोरीननं भांडी पुसता पुसता विचारलं, “तुम्ही कुठं जाणार?”

“बीचेसला. खिडकीजवळची खाट आहे.”

डोरीनचा हात थांबला. “माझी आई होती आमच्याकडच्या अशाच एका जागी. त्यालाही झाडाचंच नाव होतं. वडील घोड्यांच्या कामावर होते, ते गेले आणि मालकांनी घर घेतलं. आम्ही सगळी कामाला लागलो होतो, कुणाकडे खोली नव्हती तिला ठेवायला. नऊ वर्षं होती तिथं. पहिले दोन महिने बोलायची.”

“मग?”

“मग नाही बोलली. तसं जेवत होती वगैरे.” डोरीननं ताटली पुसली, परत पुसली. “मी रविवारी जायची. ती म्हणायची, बरं. काहीही सांगितलं की बरं.”

हेस्टर स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिला ते गार लागले.

त्या संध्याकाळी मिस्टर बन ठेवून गेलेला शिरगणतीचा कागद टेबलावर घेऊन डोरीन बसली, कारण बाकी कुणाचं अक्षर धड नव्हतं.

*

सोमवारी मिस्टर बन कागद न्यायला आले. हेस्टरनं कोपरापर्यंत साबण असलेल्या हातानं दार उघडलं. आतली माणसं बघून त्यांनी आपली वही चाळली, मग चष्मा पुसला.

“इथं कुटुंब एक की दोन?”

“तुम्हीच सांगा,” डोरीन म्हणाली.

“चूल एक असली तर कुटुंब एक, असा साधारण नियम आहे. तुम्ही एकत्र जेवलात का काल?”

“जेवलो. ससा होता.”

“बरं, आता सोयी. नळ?”

“अंगणात पंप आहे. तीनदा शिव्या दिल्या की पाणी येतं,” सिड म्हणाला.

“नळ नाही,” मिस्टर बन यांनी लिहिलं. “पक्कं न्हाणीघर?”

“टब खिळ्याला टांगलाय. खिळा पक्का आहे.”

“संडास?”

“बागेच्या टोकाला.”

“स्वतंत्र वापराचा की सामायिक?”

सिडनं डोकं खाजवलं. “फळीला दोन भोकं आहेत, मिस्टर बन. तुम्ही ठरवा.”

मिस्टर बन यांनी पोस्टात बेचाळीस वर्षं काढली होती, पण असा प्रश्न त्यांच्यापुढे आला नव्हता. त्यांनी ‘सामायिक’ लिहिलं आणि कागद उलटला. पहिल्या ओळीत, पुसट ॲमॉसच्या वर, ठळक अक्षरात लिहिलं होतं: हेस्टर गॅदरकोल, विधवा, वय अठ्ठावन्न, कुटुंबप्रमुख. खाली पास्कांची चार नावं. प्रमुखाशी नातं: पोटभाडेकरू.

“डोरीन,” सिड हळू आवाजात म्हणाला, “घर माझ्या कामाचं आहे. आपल्यालाही बाहेर काढतील.”

“काढू देत. मग चोवीस गाईंची धार कोण काढणार? पाच आठवडे मुकादम काढत होता, तर दूध निम्म्यावर आलं. तूच सांगत होतास.”

तेवढ्यात अंगणात मोटार थांबली आणि कॅप्टन टिलेट आत आले. मुकादमानं सांगितलेलं असणार. त्यांनी टोपी काढली, सगळ्यांना सुप्रभात म्हटलं, आणि मिस्टर बन यांच्या हातातला कागद खांद्यावरून वाचला.

“हे चूक आहे, बन. खोटी माहिती दिली तर दंड होतो. बाई इथं राहत नाहीत. त्या बीचेसला राहतात.”

“कधीपासून, साहेब?” डोरीननं विचारलं.

“शनिवारपासून. तसं ठरलं होतं.”

मिस्टर बन यांचे कान लाल झाले. दर रविवारी साहेबांच्या बाकाकडे पाठ करून ते पेटी वाजवत, आणि पाठीलाही अदब असावी असं त्यांची पाठ बघून वाटे. “साहेब,” ते म्हणाले, “कागदात ठरलेलं लिहीत नाहीत. रविवारी रात्री जो जिथं होता, तो तिथला. बाई इथं होत्या.”

“तुम्ही माझ्याशी वाद घालताय, बन?”

“नाही साहेब. मी फक्त मोजतोय.” ते पुढे म्हणाले, “आणि मोजता मोजता अशा घर गेलेल्या किती बाया निघाल्या, ते मला कुणाला सांगायची परवानगी नाही. शपथ घेतलीय मी. म्हणून सांगत नाही. पण समितीच्या अहवालात बेघर कुटुंबं शून्य आहेत, तो अहवाल कौन्सिलच्या दारावर लावलेला आहे, तेवढं सांगायला हरकत नाही.”

“शून्यच आहेत.”

“हो साहेब. एकट्या बाईला कुटुंब धरत नाहीत.”

तान्ही मुलगी चमचा आपटत होती.

“मी शपथ घेतलेली नाही,” डोरीन म्हणाली. “गुरुवारी तुमच्या समितीची बैठक असते ना? मी येणार आहे. गोठ्यातल्या, नांगरावरच्या, मेंढ्यांवरच्या माणसांच्या ज्या बाया मला माहीत आहेत त्यांची नावं मी लिहून आणीन, आणि ज्या माहीत नाहीत त्यांना पायी फिरून विचारीन. कौन्सिलची नवी घरं बांधताय ना? त्यांतली काही ह्या बायांना का नाहीत, ते सगळ्यांसमोर सांगा. गॅदरकोलबाईंना घर मिळेपर्यंत त्या इथं, आणि आम्ही त्यांच्याकडे.”

“पास्क, तुझ्या बायकोला आवर.”

सिडनं टोपी हातात फिरवली. “साहेब, मी नळ मागितला तेव्हा तिनं मला आवरायला पाहिजे होतं. आता माझा आवाज कुठला निघायला?”

कॅप्टन टिलेट हेस्टरकडे वळले. त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं. “गॅदरकोलबाई, तुम्ही मला शब्द दिला होता. मी विचारलं तेव्हा तुम्ही बरं म्हणालात.”

हेस्टरनं हात एप्रनला पुसले. पुसायला वेळ लागला.

“बरं मी म्हटलं,” ती म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, ॲमॉस गेला, तेव्हाही मी बरंच म्हटलं. त्यात काही बरं नव्हतं.” तिनं आवाज वाढवला नाही. “जाते असं मी कधी म्हणाले नाही, साहेब. आणि जात नाही.”

“मग मला कोर्टात जावं लागेल.”

“जा.”

एवढं बोलून तिला दम लागला. एकतीस वर्षांत साहेबांशी ती एका वेळी इतकं बोलली नव्हती. डोरीननं मिस्टर बन यांच्या हातातून पेन्सिल घेतली. गुरुवारी समितीपुढे मांडायला पहिली मागणी बाईंच्याच तोंडून मिळेल असं तिला वाटलं. कॅप्टनसाहेबांनी खुर्चीची पाठ धरली.

“ठीक आहे. स्पष्ट बोलू. तुम्हाला माझ्याकडून नक्की हवंय तरी काय?”

सगळे हेस्टरकडे बघत राहिले. मिस्टर बनसुद्धा, परवानगी नसताना. हेस्टरनं खिडकीतून अंगणात पाहिलं आणि बराच वेळ विचार केला.

“मोटार जरा मागं घ्या, साहेब,” ती म्हणाली. “दोरीखाली उभी आहे. चादरी वाळत घालायच्यात.”