लवंगांच्या डब्यातल्या गोळ्या

थोरल्या मुलाला हल्ली काही रीतच उरली नव्हती. न विचारता आईच्या स्वयंपाकघरात शिरायचा, लसूण सोलून कच्चाच चावायचा आणि सालं ओट्यावर टाकून दुकानात चालता व्हायचा. आज ती सालं गोळा करताना आईने सहज लवंगांचा डबा उघडला. लवंगांखाली डॉक्टरांनी गेल्या महिन्यात त्याला दिलेल्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या होत्या. पाकिटातली एकही काढलेली नव्हती.

तेव्हापासून तिचा पाय एका जागी ठरेना. डबा बंद करायची, पुन्हा उघडायची, खिडकीशी जाऊन रस्ता बघायची.

"काय हरवलंय, आई?" सुनेने विचारलं.

"तुझ्या नवऱ्याची अक्कल."

सून हसली, पण आईला हसू आलं नाही. लसणाने ब्लडप्रेशर उतरतं, हे आल्यागेल्याला मोठ्या तोऱ्यात सांगणारी तीच होती.

दुपारी थोरला जेवायला आला आणि दारातच भिंतीला हात टेकून उभा राहिला.

"चक्कर येतेय?" आईने विचारलं.

"जराशी. पण आपला लसूण डॉक्टरला भारी आहे, तूच म्हणतेस ना?"

आईने डबा पिशवीत टाकला आणि चपला पायात सरकवल्या.

"म्हणते. सर्दीला आलं सांगते, पोटाला ओवा सांगते, तेवढीच माझी डॉक्टरकी. त्यापुढचं बोलले तो माझा तोरा होता. गाढव तू आहेसच, पण तुला तसं करणारी मी. चल, दवाखान्यात दोघंही बोलणी खाऊ."