जवळ्याची पोटली

गावाहून कतारला परतणाऱ्या माणसानं कुणाची पोटली नाकारायची नाही, हा रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमानांचा रिवाज. कुणी लोणचं देतं, कुणी आमसुलं, आणि तुम्ही हमाल झालात तरी हसतमुखानं घ्यायचं. हमीदनंही घेतलं. रजेवरून निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या वाडीतली हजराखाला धापा टाकत आली आणि तिनं त्याच्या मांडीवर एक पोटली ठेवली. आपल्याच जुन्या पातळाचा तुकडा फाडून तिनं ती चारी बाजूंनी शिवली होती. आत सुका जवळा.

"अंगणात बसून सुकवलाय, कावळे हाकलून हाकलून हात दुखले," ती म्हणाली. "उस्मानाला सांग, सगळ्यांना वाट, पण पयली मूठ तूच भाज."

उस्मान तिचा एकुलता एक मुलगा, कतारमध्ये दुखानला तेल कंपनीत फिटर. हमीद त्याच कंपनीत स्टोअर्सचा कारकून. पाच वर्षांपूर्वी, म्हणजे पन्नास साली, हमीदला चिकटवला तो उस्माननंच, साहेबाच्या दारात ताटकळत उभं राहून.

मुंबई ते बहारीन आगबोटीच्या डेकवर हमीद ती पोटली उशाला घेऊन झोपला. आजूबाजूला सगळे आपलेच, सगळ्यांच्या उशाला असलंच काहीतरी, तेव्हा वासाचं कुणाला काही वाटलं नाही. बहारीनला उतरल्यावर मात्र त्यानं पोटली आपल्या नव्या कोटात गुंडाळली. कोट मुंबईला शिवलेला, हेडक्लार्क व्हायच्या आशेनं.

बहारीन बेटावरून कतारच्या किनाऱ्याला जायचं ते लाँचनं. हमीद पोटली छातीशी धरून चढला. म्हातारा नाखवा, बहारीनचाच अरब, हसून मोडक्या हिंदीत म्हणाला, "बच्चा है क्या?" हमीदही हसला. आणि मग त्याला मागच्या बाजूच्या सावलीत स्टोअर्सचे गोरे साहेब दिसले, शेजारी मडम.

हमीदनं काय केलं असेल? पोटली एका दोरखंडाच्या वेटोळ्याआड ठेवली, कोट झटकून अंगात घातला आणि साहेबांसमोर जाऊन "गुड मॉर्निंग, सर" म्हणाला. साहेबांनी त्याला जवळ बसवलं. हमीदची छाती फुगली.

त्या दिवशी समुद्र असा शांत होता की पाण्यावर साधी चुणी नव्हती. पण ऊन मी म्हणत होतं, त्यात डिझेलचा धूर, आणि थोड्या वेळानं त्या धुरातून जवळ्याचा वास यायला लागला. मडमनं नाकाला रुमाल लावला. मग तिनं कठड्यावरून वाकून ओकारी काढली.

साहेब उठले, वास शोधत दोरखंडापाशी गेले आणि बुटाच्या टोकानं पोटली बाहेर ढकलली.

"हमीद, विचार ह्यांना. कुणाचं आहे हे?"

आता आली का पंचाईत! हमीद उभा राहिला. लाँचवर पंधरा-वीस माणसं होती आणि एकूणएकानं त्याला ती पोटली तान्ह्या पोरासारखी घेऊन चढताना पाहिलं होतं. त्यानं घसा साफ केला आणि मोठ्यानं हिंदीत विचारलं, "ये किसका है?"

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. त्याचे कान तापले.

"नोबडीज, सर."

"मग टाका पाण्यात."

नाखव्यानं पोटली उचलली. माणूस भला होता. हमीदच्या जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "आगे रख दूँ? उधर बास नहीं आएगा."

हो म्हणायला काय लागत होतं? पण हो म्हटलं तर पोटली आपली ठरणार आणि साहेब ऐकत होते.

"फेंको," हमीद म्हणाला.

पोटली लगेच बुडाली नाही. पातळाचं ते विटकं निळं कापड बराच वेळ पाण्यावर दिसत राहिलं. हमीदनं मान फिरवली.

कतारच्या किनाऱ्यावर, झिक्रीतच्या धक्क्यावर उस्मान उभा होता. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. हमीद उतरताच त्यानं त्याचे दोन्ही हात धरले.

"तार आली रे. मा गेली. तू आगबोटीवर होतास तवा." त्याची नजर हमीदच्या हातांकडे, मग सामानाकडे गेली. "तिनं पोटली दिलान ना? तिच्या हातचं तेवढंच ऱ्हायलंय आता."

हमीदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं बोलायला तोंड उघडलं, पण मागून साहेब उतरत होते, आणि तोंडातून निघालं ते भलतंच.

"उस्मानभाय... लाट आली मोठी. वाहून गेली."

उस्माननं त्याच्या खांद्यावरून समुद्राकडे पाहिलं. पाणी तव्यासारखं सपाट पडलं होतं. मग त्यानं मडमच्या नाकावरचा रुमाल पाहिला, आणि हमीदचा नवा कोट पाहिला.

"बरं," तो म्हणाला. "काय सांगितलान मानं?"

"पयली मूठ तूच भाज म्हणाली."

उस्मानला रडू फुटलं. हमीदनं त्याला मिठी मारली, दुसरं करणार काय? उस्मानचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. रडता रडता तो एकदम थांबला. त्यानं कोटाच्या कॉलरमध्ये नाक खुपसलं आणि खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"हमीद! यल्ला, चल, गाडीत जागा आहे!" साहेबांनी हाक मारली.

हमीद हलला नाही. साहेबांनी खांदे उडवले आणि गाडी निघून गेली.

"हा कोट मना देशील?" उस्माननं विचारलं.

हमीदनं घाईघाईनं कोट उतरवला. "घ्या उस्मानभाय. ठेवूनच घ्या, मला नको."

"नको रे." उस्माननं कोटाची नीट घडी केली आणि छातीशी धरली. "तुला सायबाकडं जायाला लागतो. वास गेला की आणून देतो."